वर्गातील भाषणाचे घडीपत्रक : पालकांसाठी काही विचार

इंग्लंडातील शाळांत मुलांना लहानपणापासून वर्गापुढे उभे राहून बोलावयास लावतात, ही येथील शिक्षणाची एक चांगली रीत आहे. आठ-नऊ वर्षांचे मूल एखादा विषय निवडते, पडद्यावर सात-आठ स्लाइडी दाखविते आणि दहा मिनिटे आपल्या सवंगड्यांना त्या विषयाची माहिती सांगते. दिवाळी, गणेशोत्सव, वारी, शिवाजी महाराजांचे किल्ले असे विषय आपल्या मुलांच्या वाट्याला केव्हा ना केव्हा येतातच. कधी शिक्षिकाबाई सुचवितात, कधी मूल आपण होऊन निवडते. मग आठवडाभर घरात धामधूम चालते. आई चित्रे शोधते, वडील सनावळ्या तपासतात, पुण्या-नागपूरला फोन करून आजीला प्रश्न विचारले जातात. भाषण होते, टाळ्या पडतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्गात दुसराच विषय सुरू होतो. एवढ्या श्रमाने जमविलेले ज्ञान संगणकाच्या कुठल्याशा कप्प्यात जाऊन पडते, ते बहुधा कायमचेच.

या श्रमांचे चीज करण्याचा एक सोपा, अल्पखर्चाचा आणि मुलांना मनापासून आवडणारा मार्ग आहे. तो म्हणजे त्या भाषणाचे माहितीपत्रक तयार करणे. एकच कागद, त्याला दोन घड्या, दोन्ही बाजूंनी मिळून सहा लहान पाने. देवळात, संग्रहालयात किंवा प्रवासी कचेरीत टेबलावर ठेवलेली अशी पत्रके आपण सर्वांनीच हाताळलेली आहेत. त्यासाठी छापखाना लागत नाही. घरचे किंवा सार्वजनिक ग्रंथालयातील मुद्रणयंत्र पुरते. परंतु हे काम दिसते तितके यांत्रिक नाही. भाषणातून पत्रक करताना मुलाला आपल्या विषयाचा दुसऱ्यांदा, आणि पहिल्यापेक्षा खोलवर, विचार करावा लागतो. हा दुसरा विचार हेच त्याचे खरे फळ होय.

बोलणाऱ्याला श्रोत्याचा चेहरा दिसतो. श्रोत्याच्या कपाळावर आठी पडली की तो तीच गोष्ट दुसऱ्या शब्दांत सांगतो; कुणी प्रश्न विचारला तर उत्तर देतो; आवाजाने, हातवाऱ्यांनी वाक्यातील उणीव भरून काढतो. कागदाला यातले काहीच करता येत नाही. तो कुणाच्या हाती पडेल, कधी वाचला जाईल, वाचणाऱ्याला आधीचे काय ठाऊक असेल, हे लिहिणाऱ्याला कळत नाही. म्हणून स्लाइडी जशाच्या तशा छापल्या की पत्रक होते, ही समजूत चुकीची आहे. स्लाइडीवरचे चार शब्द हे बोलणाऱ्याच्या हातातल्या काठीसारखे असतात. बोलणारा निघून गेला की काठी तेवढी उरते आणि ती कशासाठी होती हे कुणाला समजत नाही.

हे सर्व तत्त्व म्हणून सांगण्यापेक्षा एका उदाहरणाने स्पष्ट करणे बरे. आपल्या रविवारच्या मराठी वर्गातील एका दहा वर्षांच्या मुलीने शाळेत महाराजांच्या किल्ल्यांवर भाषण केले होते. निमित्तही तसेच होते. ११ जुलै २०२५ रोजी पॅरिस येथे भरलेल्या जागतिक वारसा समितीच्या ४७व्या अधिवेशनात ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ल्यांचा समूह युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, खांदेरी, रायगड, राजगड, प्रतापगड, सुवर्णदुर्ग, पन्हाळा, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग हे अकरा महाराष्ट्रातील आणि बारावा जिंजी हा तामिळनाडूतील. भारतातील वारसास्थळांमध्ये हे ४४वे. आपल्या मुलांना अभिमान वाटावा असाच हा विषय. आणि दहा मिनिटांच्या भाषणात न मावणाराही.

त्या मुलीच्या भाषणात आठ स्लाइडी होत्या. प्रत्येकीवर एक छायाचित्र आणि तीन-चार तुटक शब्द. त्यांतील एका स्लाइडीवर बारा किल्ल्यांची यादी होती. वर्गात ती यादी सर्वांनी पाहिली, कुणीच मोजली नाही. पत्रकासाठी ती कागदावर उतरविताना मात्र किल्ले तेरा निघाले. सुट्टीत आजोबांबरोबर पाहिलेला सिंहगड तिने प्रेमापोटी त्यात घातला होता. सिंहगडाचे इतिहासातील स्थान फार मोठे. परंतु युनेस्कोच्या या समूहात तो नाही. तो गाळताना तिला वाईट वाटले. तथापि बोललेल्या शब्दाला आणि छापलेल्या शब्दाला वेगवेगळी शिस्त असते, हा धडा तिला कोणत्याही उपदेशावाचून मिळाला. ऐकणारा मोजीत नाही; वाचणारा कधीतरी मोजतोच.

पत्रकाची सुरुवात लिहिण्यापासून करू नये; प्रश्नांपासून करावी. मुलाला सांगावे की स्लाइडी बंद ठेव, आणि ज्यांना या विषयातील काही ठाऊक नाही अशा तीन माणसांना तो नुसता तोंडाने सांगून पाहा. ती माणसे जे विचारतील ते एका वहीत उतरून घे. त्या मुलीने असे केले. शेजारच्या इंग्रज आजींनी विचारले, ‘हे किल्ले म्हणजे आमच्याकडच्यासारखे राजवाडे का? तेथे राजा-राणी राहत?’ वर्गमैत्रिणीने विचारले, ‘इतक्या उंचावर पाणी कोठून येई?’ पुण्याच्या आजीने फोनवरून विचारले, ‘अगं, यात आपला सिंहगड कुठे आहे?’ पाहा, हे तीन प्रश्न म्हणजे पत्रकातील तीन मथळे आयतेच हाती आले. गड म्हणजे काय; गडावरचे पाणी; बारा कोणते आणि त्यांच्याबाहेरचे कोणते. मुलाने स्वतः ठरविलेल्या मथळ्यांपेक्षा वाचकाच्या प्रश्नांतून निघालेले मथळे नेहमी अधिक सरस असतात, कारण त्यांच्यामागे खरी जिज्ञासा असते.

पाण्याचाच प्रश्न घ्या. मूळ भाषणात पाण्याचा उल्लेखही नव्हता. लढाया मात्र चार होत्या. उत्तर शोधताना त्या मुलीला कातळात खोदलेली पाण्याची टाकी, रायगडावरील गंगासागर तलाव आणि चहूकडून खारे पाणी असताना सिंधुदुर्गाच्या आत असलेल्या दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी सापडल्या. या तीन नावांवर ती इतकी लुब्ध झाली की एक लढाई तिने आपण होऊन गाळली. पाण्यावाचून गड चार दिवसही टिकत नाही, ही गोष्ट तलवारीच्या गोष्टीपेक्षा कमी थरारक नाही, हे तिला उमगले.

यानंतरची पायरी निवडीची. घडीपत्रकाच्या एका पानावर साठ ते ऐंशी शब्दांपेक्षा अधिक मजकूर शोभत नाही; म्हणजे मुखपृष्ठ व चित्रे वजा जाता सगळ्या पत्रकात साडेतीनशे शब्द जेमतेम मावतात. बारा किल्ल्यांची बारा वर्णने त्यात बसणे शक्य नाही. अशा वेळी मुलाला एकच प्रश्न विचारावा : ‘वाचणाऱ्याने सगळे विसरून एकच वाक्य लक्षात ठेवायचे ठरविले, तर ते कोणते असावे?’ या मुलीने बराच विचार करून लिहिले, ‘आमच्या राजाने डोंगर, जंगल आणि समुद्र यांनाच भिंती केले.’ वाक्य साधे, पण सगळ्या पत्रकाला पुरून उरणारे. युनेस्कोकडे सादर झालेल्या वर्गीकरणातही हीच दृष्टी आहे. साल्हेर, शिवनेरी, लोहगड, रायगड, राजगड आणि जिंजी हे गिरिदुर्ग, प्रतापगड अरण्याने वेढलेल्या डोंगरावरचा, पन्हाळा डोंगरी पठारावरचा, विजयदुर्ग किनाऱ्यावरचा, आणि खांदेरी, सुवर्णदुर्ग व सिंधुदुर्ग हे बेटांवरचे. सहा, एक, एक, एक आणि तीन. बारा वर्णनांऐवजी पाच ओळींचे एक कोष्टक झाले आणि वाचकाच्या डोळ्यांपुढे सह्याद्रीपासून सागरापर्यंतचा प्रदेश उभा राहिला. नुसत्या यादीला अर्थ नसतो. यादीची प्रतवारी केली की तिच्यातून विचार दिसू लागतो.

आता पानांची मांडणी. प्रथम एक कोरा कागद घेऊन त्याच्या दोन घड्या घालाव्यात आणि मुलाच्या हाती पेन्सिल देऊन, वाचक ज्या क्रमाने पाने पाहील त्या क्रमाने त्यांवर आकडे घालावयास सांगावे. कागद उलगडल्यावर मुलाला मोठे नवल वाटते, कारण एक आकडा उजव्या टोकाला गेलेला असतो! बाहेरच्या बाजूस डावीकडून पाहता प्रथम आत दुमडले जाणारे पान, मध्ये मागचे पान आणि उजवीकडे मुखपृष्ठ, असा क्रम लागतो. आतील बाजूस मात्र तिन्ही पाने डावीकडून उजवीकडे सरळ चालतात. मुखपृष्ठावर नाव, एक चित्र आणि ते एक वाक्य. आत दुमडलेल्या पानावर वाचकाची पहिली शंका, म्हणजे गड म्हणजे काय, तिचे उत्तर. आतील तीन पानांवर कोष्टक व नकाशा, पाण्याची गोष्ट, आणि एकाच किल्ल्याची नीट सांगितलेली हकीकत. मागच्या पानावर हे कुणी व केव्हा केले आणि अधिक वाचावयाचे असल्यास काय वाचावे, एवढेच.

घडीचीही एक खुबी आहे. येथे मिळणारा ए-फोर कागद २९७ मिलिमीटर लांब आणि २१० मिलिमीटर रुंद असतो. त्याचे तीन अगदी समान भाग केले तर आत दुमडले जाणारे पान घडीत अडते आणि कागद फुगतो. म्हणून दोन पाने १०० मिलिमीटरची आणि आत जाणारे पान ९७ मिलिमीटरचे ठेवावे. हा हिशोब मुलालाच करू द्यावा. गणिताचा उपयोग त्याला येथे प्रत्यक्ष दिसतो. दोन्ही बाजूंनी छापताना यंत्राला कागद आखूड कडेवर उलटण्याची सूचना द्यावी, अन्यथा आतील मजकूर उफराटा येतो. सर्व प्रती काढण्यापूर्वी एकच प्रत काढून, घडी घालून पाहावी. साधा ८० ग्रॅमचा कागद पातळ असल्याने मागची अक्षरे पुढे दिसतात. १०० ते १२० ग्रॅमचा कागद घेतल्यास हा दोष राहत नाही. घडी पट्टीच्या कडेने दाबून घालावी, म्हणजे ती सरळ बसते.

मांडणीपेक्षाही महत्त्वाची गोष्ट सत्याची. भाषणात निसटलेले चुकीचे वाक्य हवेत विरून जाते. छापलेले वाक्य वर्षानुवर्षे हिंडत राहते. विजयदुर्गाविषयी एक हकीकत आपल्याकडे फार आवडीने सांगतात. १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी नॉर्मन लॉकियर या इंग्रज शास्त्रज्ञाने विजयदुर्गावरून सूर्याचा वेध घेऊन हेलियम वायूचा शोध लावला, अशी ती हकीकत. इंग्लंडातील वर्गापुढे सांगावयास याहून चांगली गोष्ट कोणती! परंतु सनावळ्या तपासल्या तर काय दिसते? १८ ऑगस्ट १८६८ च्या ग्रहणाच्या वेळी लॉकियर भारतात नव्हतेच. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सन यांनी त्या ग्रहणाचा वेध गुंटूरहून घेतला. लॉकियर यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरात, इंग्लंडातच, ग्रहण नसताना सूर्याच्या वर्णपटाचे निरीक्षण केले, आणि त्यातील एक पिवळी रेषा सोडियमच्या रेषांशी जुळत नाही असे त्यांना आढळले. पृथ्वीवर हेलियम हाती लागला तो १८९५ मध्ये, लंडनला, विल्यम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेत. मग विजयदुर्गाचे काय? तेथेही लॉकियर आले होते, हे खरे आहे. पण ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी, म्हणजे शोधानंतर तीस वर्षांनी.

ही खरी हकीकत त्या मुलीला सांगितली तेव्हा तिचा चेहरा प्रथम उतरला आणि मग एकाएकी उजळला. कारण तिच्या ध्यानात आले की खरी गोष्ट अधिक सुंदर आहे : ज्याने सूर्यात एक नवे द्रव्य पाहिले, तोच मनुष्य म्हातारपणी पुन्हा एकदा सूर्य पाहण्यासाठी आपल्या कोकणातल्या किल्ल्यावर आला. खोट्याचा टेकू काढून घेतल्याने आपला वारसा कोसळत नाही. उलट तो आपल्या पायांवर उभा राहतो. परदेशात वाढणाऱ्या मुलांना हे कळणे फार अगत्याचे आहे. उद्या एखाद्या चौकस सवंगड्याने एक वाक्य खोटे ठरविले, तर मुलाचा उरलेल्या नऊ खऱ्या वाक्यांवरचा विश्वासही डळमळतो.

याचा अर्थ दंतकथा वगळाव्यात असा मुळीच नाही. हिरकणीची कथा मुलांनी अवश्य सांगावी. फक्त तिच्याआधी ‘अशी कथा सांगतात’ हे तीन शब्द घालावेत. याचा एक उत्तम धडा लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाकडून घेता येतो. तेथील वाघनखे २०२४ मध्ये तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली आणि साताऱ्याच्या संग्रहालयात मांडण्यात आली. त्यांचे नाते परंपरेने महाराजांशी जोडले जाते. परंतु ती प्रतापगडाच्या भेटीत वापरलेलीच नखे आहेत याची खातरजमा करता आलेली नाही, असे ते संग्रहालय स्वतःच नमूद करते. एवढे मोठे संग्रहालय जर असे प्रांजळपणे लिहू शकते, तर आपल्या दहा वर्षांच्या मुलांना त्यात कमीपणा कशाला वाटावा? त्याचप्रमाणे ‘जगातील सर्वांत श्रेष्ठ’, ‘अद्वितीय’, ‘अजिंक्य’ ही विशेषणे पेन्सिलीने खोडून त्या जागी एखादा आकडा घालावा. ‘साल्हेर फारच उंच आहे’ यापेक्षा ‘साल्हेर समुद्रसपाटीपासून सुमारे १५६७ मीटर उंच आहे’ हे वाक्य अधिक बोलके आहे.

आणखी एक गोष्ट नाजूक, पण टाळू नये अशी आहे. येथील वर्गात अनेक धर्मांची आणि अनेक देशांतून आलेल्या घराण्यांची मुले एकत्र बसतात. आपल्या मुलाचे पत्रक त्यांच्या घरी जाणार, त्यांचे आईवडील ते वाचणार. लढायांचा इतिहास लिहिताना ‘आम्ही’ आणि ‘ते’ अशी भिंत उभी राहणार नाही याची काळजी घ्यावी, आणि त्यासाठी इतिहास मोडावा लागत नाही. तो पुरता सांगावा लागतो. खांदेरीचे उदाहरण पाहावे. १६७९ मध्ये महाराजांनी मुंबईजवळच्या या बेटावर तटबंदी उभारावयास घेतली. ते काम थांबविण्यासाठी मुंबईच्या इंग्रजांनी गलबते धाडली. पण ते थांबले नाही. त्या प्रसंगी मराठ्यांच्या बाजूने मायनाक भंडारी आणि दौलतखान असे दोघेही आरमारी सरदार होते. ही दोन नावे शेजारी-शेजारी छापली की अर्धे काम झाले. इंग्रज सवंगड्यांसाठीही दुवा आहे. १७५६ मध्ये अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला. त्या वॉटसनचे स्मारक वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीत आहे, आणि त्यावर घेरिया हे नाव कोरलेले आहे. घेरिया म्हणजेच आपला विजयदुर्ग. शाळेच्या सहलीत ज्या वास्तूसमोरून मुले जातात तिच्यात आपल्या कोकणातील एका किल्ल्याचे नाव आहे, हे वाचल्यावर तो किल्ला कुणालाच परका वाटत नाही.

येथवर इंग्रजी पत्रकाचा विचार झाला. परंतु मराठी पत्रकावाचून हे काम अपुरेच राहील. त्या मुलीच्या भाषणाचे चित्रीकरण पुण्याला पाठविले होते. आजोबांनी ते तीनदा पाहिले आणि तीनदाही त्यांना काही कळले नाही. नात इंग्रजीत, भराभर बोलत होती, आणि आजोबांना अलीकडे ऐकू कमी येते. ‘छान बोललीस गं’ एवढेच ते फोनवर म्हणत, आणि नातीला ते ऐकून समाधान होत नसे. तिच्याकडून मराठी पत्रक करून घेतले ते या कारणाने. ते इंग्रजीचे भाषांतर नव्हते, आणि नसावेही. इंग्रज मैत्रिणीला गड म्हणजे काय हे सांगावे लागते. आजोबांना ते सांगणे म्हणजे आजोळच्या माणसांना आमटी कशी करतात ते सांगण्यासारखे आहे. आजोबांना जाणून घ्यावयाचे होते ते निराळेच : वर्गातील मुलांनी काय विचारले, बाईंनी काय म्हटले, कोणता किल्ला त्यांना आवडला. तेव्हा त्या पानावर तिने तेच लिहिले. टपालाने गेलेले ते पत्रक तीन आठवड्यांनी परत आले. समासात पेन्सिलीने दोन ऱ्हस्वदीर्घ दुरुस्त केले होते, आणि सिंहगडाच्या रिकाम्या जागेपाशी बारीक अक्षरांत लिहिले होते, ‘यादीत नसला तरी पुढच्या वेळी पुन्हा चढू.’ आजोबा-नातीचा त्या विषयावरचा खरा संवाद त्या दिवशी सुरू झाला.

देवनागरी मजकुराची मांडणी करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मात्रा, वेलांट्या व उकार यांना वर-खाली जागा लागते. म्हणून अक्षर इंग्रजीपेक्षा थोडे मोठे आणि ओळींमधील अंतर अधिक ठेवावे. अक्षरे सुटी करून पसरविण्याची इंग्रजी तऱ्हा येथे चालत नाही. शिरोरेषा तुटते आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. जोडाक्षरे छापल्यावर नीट उमटली की नाही हे कागदावर पाहावे, पडद्यावर नव्हे. मुलाच्या मराठीतील शुद्धलेखन सुधारावे, पण त्याचे वाक्य बदलू नये. ‘मला हा किल्ला खूप आवडला कारण तो पाण्यात उभा आहे’ हे वाक्य आपल्या कोणत्याही अलंकारिक वाक्यापेक्षा मोलाचे आहे.

येथेच पालकांच्या मर्यादेचा प्रश्न येतो. आपल्या मुलाचे पत्रक सुबक व्हावे या हौसेने आपण हळूहळू त्याचे काम आपल्या हाती घेतो, आणि शेवटी पत्रकावर नाव मुलाचे व शब्द आपले अशी स्थिती होते. संगणकाला सांगितले असता तो आता चार क्षणांत संपूर्ण मजकूर लिहून देतो. तो मोहही याच जातीचा. यावर एक साधी कसोटी आहे. पत्रकातील कोणत्याही वाक्यावर बोट ठेवून मुलाला विचारावे, ‘हे मला समजावून सांग.’ जे वाक्य त्याला सांगता येणार नाही ते वाक्य त्याचे नव्हे. ते काढावे किंवा त्याच्या शब्दांत पुन्हा लिहवावे. पालकांनी प्रश्न विचारावेत, पुस्तक शोधून द्यावे, कातरकामाला आणि यंत्राला हात लावावा. लेखणी मात्र मुलाच्या हाती राहावी. वाकड्या रेघेचा नकाशा चालेल. दुसऱ्याची सरळ रेघ नको.

चित्रांच्या बाबतीतही हेच धोरण ठेवावे. महाजालावर सापडलेले प्रत्येक छायाचित्र आपण छापावे असे नसते; ते कुणाच्या तरी मालकीचे असते. मुलाने स्वतः काढलेले रेखाचित्र किंवा कुटुंबाने गडावर घेतलेले छायाचित्र घ्यावे. त्यात दुसरी माणसे असल्यास त्यांची परवानगी विचारावी. पत्रक अनोळखी हातांत जाणार असल्याने त्यावर मुलाचे पूर्ण नाव, शाळा व घराचा पत्ता देऊ नये. पहिले नाव आणि वय एवढ्याने मुलाचे समाधान होते आणि पालकांनाही निश्चिंती राहते.

या सर्वांस वेळ किती लागतो? चार रविवार पुरतात. पहिल्या रविवारी तीन माणसांना विषय सांगून प्रश्न जमवावेत. दुसऱ्या रविवारी ते एक वाक्य ठरवून मजकूर लिहावा. तिसऱ्या रविवारी प्रत्येक नाव, सन आणि आकडा पुस्तकाशी ताडून पाहावा, व एखाद्या जाणत्या माणसाला वाचावयास द्यावा. चौथ्या रविवारी नमुन्याची प्रत, घड्या आणि छपाई. रोजच्या अभ्यासात याने व्यत्यय येत नाही. आणि घरात चार रविवार एकाच विषयावर मराठीत बोलणे होते, हा लाभ वेगळाच.

आपल्या मंडळाच्या उत्सवात फराळाच्या टेबलाशेजारी एक लहानसे टेबल मुलांच्या पत्रकांसाठी ठेवावे, अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. कुणी किल्ल्यांवर लिहील, कुणी वारीवर, कुणी आजीच्या पुरणपोळीवर. प्रत्येकाने पन्नास प्रती आणाव्यात. एक शाळेच्या ग्रंथालयात द्यावी, एक देशी पाठवावी, उरलेल्या आलेल्या पाहुण्यांना मुलांनीच द्याव्यात. पाहुणा ते पत्रक उघडून एखादा प्रश्न विचारील, आणि समोर उभे असलेले मूल आपल्या आईवडिलांकडे न पाहता त्याचे उत्तर देईल. ज्या गोष्टी आपण देशाहून आठवणींच्या रूपाने बरोबर आणल्या, त्या मुलांना ज्ञानाच्या रूपाने मिळाल्या, असे त्या दिवशी म्हणता येईल. एका घडीच्या कागदाकडून याहून अधिक अपेक्षा करू नये. आणि याहून कमीही करू नये.